एकाची खाट दुसऱ्याला

सिस्टरचं सगळं जग एका राखाडी डिजिटल डायरीत होतं. हातात मावेल एवढी डायरी, पडद्यावर एक लांब ओरखडा, आणि लिहायला बाजूच्या खाचेत खोचलेली एक बारीक काडी. घरोघर जाऊन इंजेक्शनं द्यायची, पट्ट्या बदलायच्या, नळ्या साफ करायच्या, ही सिस्टरची नोकरी. कुठल्या घरी काय करायचं, कुठला कुत्रा चावतो, कुठली सून दार उघडायला मुद्दाम वेळ लावते, हे सगळं त्या डायरीत. बरोबरीच्या नर्सबाया वह्या वापरायच्या आणि बसमध्ये विसरून यायच्या. सिस्टरला त्याचा भारी तोरा होता. एखादीने मोबाइल काढला, की ही पिशवीतून डायरी काढून टेबलावर ठेवायची आणि हिची बॅटरी महिनोन् महिने चालते, असं कोणी न विचारताच सांगायची.

अशा बाईला एक दिवस हुकूम आला. ऑफिसने सगळ्यांना स्मार्टफोन दिले. यापुढे पेशंटची माहिती कोणाच्या वहीत, डायरीत किंवा डोक्यात राहता कामा नये, ती फक्त फोनमध्ये राहील, असं त्या कागदावर लिहिलं होतं. डोक्यातली माहिती ते कशी काढून घेणार होते, देव जाणे.

ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारी एक बाई होती. तिला सगळे संगणकवाली म्हणायचे. तिने तीन ड्रॉवर उपसून एक वायर शोधली, डायरी एका जुन्या कॉम्प्युटरला जोडली आणि विचारलं, "ही अजून चालते?"

"तुमच्या लिफ्टपेक्षा बरी चालते," सिस्टर म्हणाली.

पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. ती भरली तेव्हा संगणकवालीने नवा फोन सिस्टरच्या हातात दिला. "सगळं आलंय. एकदा नीट बघा, प्रत्येक नाव उघडून खालपर्यंत सरकवा, आणि बरोबर असेल तर इथे सही करा."

सिस्टरने नावं पाहिली. सगळी होती. पत्ते पाहिले, तेही होते. खालपर्यंत सरकवायला ती काय काल कामाला लागली होती? स्वतःच्या हाताने भरलेली माहिती, तिच्यात चूक कुठून निघणार! तिने झोकात सही केली. मग संगणकवालीने डायरीच्या पाठीचं झाकण उघडलं आणि दोन्ही सेल काढून घेतले.

"हे कशाला?"

"पेशंटची खासगी माहिती आहे ना, मागे ठेवायची नाही. सेल काढले की ही थोडा वेळ जीव धरून राहते, मग सगळं पुसलं जातं. कागदी फायलीसुद्धा गेल्या आता रद्दीत, तुमची सही झाल्यावर."

डायरी एका खोक्यात गेली. तिथे तिच्यासारख्या आणखी दोन-चार पडल्या होत्या. रिकामी तर रिकामी, घरी नेऊ का, असं विचारावंसं सिस्टरला वाटलं होतं. पण एवढा तोरा मिरवल्यावर असल्या गोष्टीसाठी गळ कशी घालायची? ती नवा फोन घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनने तिला दिवसभराची यादी दाखवली. पहिलंच घर चुकीचं होतं. रोजचं पहिलं घर काकांचं, आणि काका यादीत कुठेच नव्हते.

काका म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. आयुष्य डोळ्याला भिंग लावून गेलं आणि म्हातारपणी साखरेने दोन्ही डोळे नेले. बायको नाही, एकुलती मुलगी दूरदेशी, आणि घर तिसऱ्या मजल्यावर. त्यांना रोज सकाळी खायच्या आधी इन्सुलिनची सुई लागायची. स्वतःला स्वतः टोचून घ्यायचा प्रयत्न त्यांनी पूर्वी केला होता आणि एकदा औषध जास्त जाऊन ते स्वयंपाकघरात बेशुद्ध सापडले होते. तेव्हापासून सिस्टर. आधी गोळ्याही देऊन पाहिल्या होत्या, पण गोळ्यांना त्यांची साखर जुमानत नव्हती.

यादीत नसले म्हणून काय झालं, सिस्टर गेली. काका नेहमीसारखे दाराजवळच्या खुर्चीत सदरा वर करून बसले होते.

"आलीस? आज जिन्यात दोनदा थांबलीस."

"फोन बघत होते, काका."

"तूसुद्धा? मला वाटलं, निदान तू तरी शहाणी असशील."

तिने पोटाच्या उजव्या बाजूला सुई दिली, कारण डाव्या बाजूला गाठी झाल्या होत्या. हेही डायरीत लिहिलेलं होतं. सुई झाल्यावर ती रोज काडीने एक खूण करायची. आज खूण करायला जागाच नव्हती. उद्या बघू, असं म्हणत ती उतरली, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

संध्याकाळी संगणकवालीने काकांचं नाव टाइप केलं आणि तिचा चेहरा पडला.

"सिस्टर, हे तर वारलेत."

"कोण?"

"हेच. तीन वर्षं झाली."

"आज सकाळी मी त्यांना सुई दिली आहे."

"हो, पण हा फाइल नंबर बघा ना. तुमच्या डायरीतूनच आलाय, अगदी खाली होता. हा नंबर मयत म्हणून बंद आहे."

सिस्टरने नंबर वाचला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तो नंबर काकांचा नव्हताच. तो तिच्या एका जुन्या पेशंटचा, तीन वर्षांपूर्वी गेलेल्या निळ्या दारातल्या आजीचा होता.

आता ही गोष्ट सिस्टरसारख्या, घरोघर फिरण्याआधी वर्षानुवर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढलेल्या बाईलाच कळेल. डायरीची जागा बेताची होती. भरली की ती टुंग करून नवीन नाव घ्यायला नकार द्यायची. जुनं नाव पुसलं की जागा व्हायची, पण पुसायचं म्हटलं की डायरी विचारायची, नक्की पुसू? आणि सिस्टरचा हात अडायचा. ज्या माणसाला आपण अंघोळ घातली, ज्याचं शेवटचं पाणी आपण पाजलं, त्याला काडी टेकवून पुसायचं? वॉर्डात असं होत नाही. वॉर्डात माणूस जातो, चादर बदलते, आणि त्याच खाटेवर दुसरा येतो. खाटेचा नंबर तोच राहतो. सिस्टरनेही तेच केलं. आजी गेली, तेव्हा तिच्या नावावर काकांचं नाव लिहिलं, पत्त्यावर पत्ता लिहिला, औषधं बदलली. वरचं तेवढं बदललं, खालचा फाइल नंबर आजीचाच राहिला. खाली सरकवून पाहायची तिला कधी गरजच पडली नाही. आजपर्यंत भांडारातून औषध मिळायचं ते तिच्या हातच्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठीला नाव पुरायचं. नव्या यंत्राला नावाशी देणंघेणं नव्हतं, त्याला नंबर हवा होता.

तिचे असे तीन पेशंट एका सहीने मेले होते. एकाच्या सुनेने ऑफिसात येऊन असा काही गोंधळ घातला, की त्याच दिवशी नवी फाइल निघून तो जिवंत झाला. दुसऱ्याचा मुलगा कोणाच्या तरी ओळखीचा निघाला. काकांच्या मागे आरडाओरडा करायला कोणीच नव्हतं.

सिस्टर मेट्रनकडे गेली. मेट्रन म्हणजे एके काळची तिचीच वॉर्डातली सोबतीण. दोघी एका डब्यात जेवलेल्या. तिने सगळं ऐकून घेतलं, पाणी मागवलं आणि दोन्ही हात टेबलावर उलटे ठेवले.

"मी काय करू सांगा. बंद झालेली फाइल मला उघडता येत नाही. मलाच काय, कोणालाच येत नाही. नवीन फाइल काढा."

"काढते. कागद द्या."

"कागद नाही. पेशंट समक्ष हवा. फोटो, अंगठा."

"आंधळा माणूस आहे, मॅडम. तिसरा मजला. किती वर्षांत जिना उतरला नाही."

"मला दिसतंय ते, सिस्टर. पण समक्ष म्हणजे समक्ष." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि तोवर तिकडे जाऊ नका. फाइल नसलेल्या माणसाला टोचलंत आणि काही बरंवाईट झालं, तर तुमचा परवाना जाईल. निवृत्तीला किती राहिलेत? पेन्शन घालवाल. तुमचे मिस्टर तर कधीचे घरीच बसलेत."

हे शेवटचं तिने आपुलकीनेच म्हटलं, आणि म्हणूनच ते सिस्टरला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती गेलीच. जाताना मनाशी ठरवलं होतं, काकांना हळूहळू सांगायचं, आधी चहा करायचा. पण काका हसतच होते.

"काल मुलीचा फोन आला. मी हॅलो म्हटलं तर किंचाळली. मग रडायला लागली. मला वाटलं जावई गेला! तर तिला तुमच्या ऑफिसचा मेसेज आलेला. आपले वडील आमच्यात राहिले नाहीत, आम्ही दुःखात सहभागी आहोत, आणि आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?"

सिस्टरच्या हातातली सुई तशीच राहिली.

"मी म्हटलं तिला, चार दे. एक कापून घे. मेल्याचं निदान मला तरी आधी कळवायचं होतं."

"काका, ते माझ्यामुळे झालं," सिस्टर म्हणाली आणि खाली बसली. खाट, डायरी, नंबर, सही, सगळं तिने सांगितलं. सांगताना ती रडली. काकांच्या दारात ती यापूर्वी कधी रडली नव्हती.  काकांच्या मागे भिंतीवर चार घड्याळं टिकटिकत होती.

"म्हणजे तीन वर्षं मी त्या बाईच्या खाटेवर झोपलोय?"

"हो."

"कशी होती?"

"महाभांडकुदळ."

"मग शोभतो मी तिथे." त्यांनी सदरा वर केला. "आधी सुई दे. नंतर जाऊ तुझ्या ऑफिसात. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, मी काय जिन्याला भिणार?"

भ्यायले मात्र ते. दोन दिवसांनी शेजारचे दोघं त्यांना खुर्चीसकट उचलून उतरवू लागले, तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात असे धरले होते की नखं पांढरी पडली. पण तोंड चालूच. "मेलेल्याला न्यायला चारजण लागतात. दोघांत भागतंय, म्हणजे मी जिवंत असणार, हे लिहून घ्या म्हणावं." खाली रस्त्यावर आल्यावर मात्र ते बोलायचे थांबले. गाड्यांच्या आवाजाने त्यांनी मान खाली घातली आणि सिस्टरचा पदर मुठीत धरला. तो त्यांनी ऑफिस येईपर्यंत सोडला नाही.

काउंटरवरचा माणूस चांगला होता. त्याने काकांना पाणी दिलं, फोटो काढताना तोंड कुठे वळवायचं ते हाताने दाखवलं, अंगठा पुसायला फडकं दिलं. सगळं झाल्यावर त्याने मान वर केली.

"झालं काका, तुम्ही आता नवीन पेशंट."

"म्हणजे उद्यापासून ही येणार ना?"

"नाही. नवीन पेशंटची प्रतीक्षायादी आहे. तुमचा नंबर लागला की फोन येईल. कोण येईल ते यंत्र ठरवतं."

"पण मी नवीन नाही," काका म्हणाले. "मी जुनाच आहे."

"ते मला कळतंय हो. पण इथे तसं लिहायला जागा नाही."

"यादी केवढी आहे?" सिस्टरने विचारलं.

माणसाने पडदा तिच्याकडे वळवला. ती पाहतच राहिली. सर्वांत खाली काकांचं नाव होतं. वरची नावं मोजायच्या भानगडीत ती पडली नाही. पडदा सरकवला तरी ती संपत नव्हती. ऑफिसच्या दृष्टीने एकूण सुंठीवाचून खोकला गेला होता.

तिथल्या डॉक्टरने काकांना तपासलं. सुई द्यायला माणूस नाही आणि स्वतः टोचणं धोक्याचं, मग त्याने तरी काय करावं! नंबर लागेपर्यंत गोळ्या घ्या, असं त्याने लिहून दिलं. गोळ्या चालत नाहीत, हे सिस्टरने सांगितलं. त्यालाही ते माहीत होतं. त्याने तिच्याकडे न बघता चिठ्ठी पुढे केली.

काकांच्या फ्रिजमध्ये औषधाची एक बाटली अर्धी शिल्लक होती. ती संपेपर्यंत सिस्टर चोरून गेली. ड्यूटीच्या आधी निघायची, कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडे फोन ठेवायची, म्हणजे आपण कुठे गेलो ते फोनला कळू नये. या युक्तीवर ती खूश होती. मग मेट्रनने बोलावून विचारलं, "रोज सकाळी फुलवाल्याकडे एवढा वेळ काय करता?"  मेट्रनने एक कागद पुढे केला. पुन्हा असं झालं तर परवाना रद्द करायला आपली हरकत नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. "मला करावं लागतंय, सिस्टर. माझ्याही वर कोणीतरी आहे."

या वेळी सिस्टरने कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वाचूनही सहीच करायची होती.

बाटली संपली. भांडारवाल्याने विचारलं, कोणाच्या नावावर देऊ? तिने बाहेरच्या दुकानातून विकत आणायचंही पाहिलं, पण औषधवाल्याने चिठ्ठी मागितली आणि चिठ्ठीवर आता गोळ्या होत्या. मुलीला फोन केला. मुलीने तिकडून पैसे पाठवते म्हटलं, रोजची नर्स शोधा म्हटलं. सिस्टरने चार ठिकाणी विचारलं. आंधळा, एकटा, तिसऱ्या मजल्यावरचा पेशंट म्हटल्यावर जी ती बघते म्हणाली आणि कोणीच आलं नाही. शेजारच्या बाईला सुई पाहूनच भोवळ यायची. जिकडे जावं तिकडे लोक चांगलेच होते, वाईट एकही भेटला नाही. वाईट कोणी असता, तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ती नुसती भेटायला म्हणून काकांकडे जाऊन आली. भेटायला बंदी नव्हती. काकांचे पाय सुजले होते. त्यांना सारखी तहान लागत होती, आणि बोलता बोलता ते डुलकी घ्यायचे. हे सगळं कशाचं लक्षण आहे, ते तिला डॉक्टरइतकंच समजत होतं. तिने पाय चेपून दिले, माठ भरून ठेवला आणि परत आली. घरी येऊन नवऱ्यावर उगाच ओरडली.

पुढच्या आठवड्यात फोनवर नवीन पेशंट आला. यंत्र हुशार. सिस्टरची सकाळची पहिली वेळ रिकामी दिसली, तर त्याने प्रतीक्षायादीतून त्या वेळेसाठी त्याच भागातलं वरच्या नंबरचं माणूस शोधून दिलं. खुब्याचं हाड मोडलेली एक बाई, रोज पट्टी बदलायची, आणि एक सुई. पत्ता वाचून सिस्टरने फोन पालथा ठेवला. काकांचीच इमारत होती, चौथा मजला.

सकाळी ती जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्यावर थांबली. वर काकांचं दार अर्धवट उघडं असणार, हे तिला माहीत होतं. सकाळी ते नेहमीच उघडं असायचं. जाऊन काय सांगणार? तुमच्या डोक्यावरून वर चालले आहे, तिथे सुई आहे, तुमच्यासाठी नाही? तिने वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या. बाटल्यांचा आवाज होऊ नये म्हणून पिशवी पोटाशी धरली. तिला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दार उघडंच होतं. काका खुर्चीत बसले होते, पाय समोरच्या स्टुलावर. श्वास रोखून ती भिंतीच्या कडेने गेली आणि चौथ्या मजल्याच्या पायऱ्यांना लागली.

"वर चाललीस?" आतून काकांनी विचारलं.

ती कठड्याला धरून उभी राहिली. 

"हो, काका."

"कोण आहे?"

"एक बाई आहेत. हाड मोडलंय."

"दुखत असेल तिला."  मग काका म्हणाले, "चपला घाल. गार पडलाय जिना."

सिस्टर पायरीवर बसली आणि चपला घालू लागली, पण पट्टा काही लागेना. पिशवीत फोन थरथरला. पहिल्या पेशंटला उशीर होत होता. काकांनी आतून हात लांब करून दार चाचपलं आणि ते हळूच लोटून घेतलं, म्हणजे तिला वर जायला सोपं जावं.